आठवणी लिहिण्याआधी घराचा नकाशा काढून पाहिलाय का कुणी?

जास्वंदी (ठाणे)

निवृत्तीनंतर आठवणी लिहायला घेणाऱ्या बहुतेकांचं लिखाण एकाच वळणानं जातं, असं माझं मत झालंय. वडील कडक पण मनानं हळवे, आई कष्टाळू, परिस्थिती बेताची, तरी आम्ही मजेत होतो. माझी वही उघडा, तेच सापडेल. त्यात खोटं काही नाही. पण माझं नाव खोडून चाळीतल्या कुणाही मुलीचं घातलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही, हे मला खटकत होतं.

भाची आर्किटेक्ट आहे. ती म्हणाली, "मावशी, लिहायचं थांबव. आधी घराचा प्लॅन काढ. मापं चुकली तर चुकू देत." आमचं घर चरईतल्या चाळीत, दोन खोल्यांचं. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिलाय, त्यामुळे जाऊन बघायची सोय नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढायला बसले. दार, गॅलरी, मोरी, मोरीवरची फळी, पाण्याचं पिंप, फडताळ. हात चालायला लागला तशा इतक्या वर्षांत एकदाही न आठवलेल्या वस्तू येत गेल्या. दारामागच्या खुंटीला रेशनची पिशवी. आजीचं लुगडं दोरीवर टाकायची काठी. नळाची वेळ झाली की दाराबाहेर मांडायच्या बादल्यांची ठरलेली जागा.

मग भाचीचा पुढचा प्रश्न. रात्री कोण कुठे झोपायचं ते दाखव. वडील कॉटवर. आजी मोरीच्या भिंतीला, कारण तिला रात्री उठावं लागे. दोघे भाऊ दाराशी, उन्हाळ्यात गॅलरीत. आई आणि धाकटी बहीण आतल्या खोलीत, ओट्याकडे पाय करून. माझी वळकटी कुठे टाकायची ते काही काढता येईना. कागदावर जागाच उरली नव्हती. बहीण डोंबिवलीला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "तुझी ठरलेली जागा नव्हतीच गं. गावाहून कुणी आलं की तुला शेजारच्या काकूंकडे पाठवायचे. तू कुरकुर करायची नाहीस ना, म्हणून तुलाच."

आणि वहीत मी काय लिहिलंय? "मी सगळ्यांशी जमवून घेणारी, म्हणून सगळ्यांची लाडकी." दोन्ही खरं असेल. पण आजही कुणाकडे मुक्कामाला गेले की बॅग खाली ठेवायच्या आधीच मी "मला कुठेही चालेल" म्हणते. हे वाक्य माझ्या तोंडी कुठून आलं ते त्या कॅलेंडरच्या पाठीवर पहिल्यांदा दिसलं.

चित्रकला मला येत नाही, शाळेत कायम काठावर पास. तर विचारायचं असं की लिहिताना निसटलेलं काढताना सापडतं, हा अनुभव आणखी कुणाला आहे का? की नुसता योगायोग? ठाणे-नवी मुंबईकरांनी तर लिहाच. आपल्याकडची जुनी घरं यापुढे कागदावरच बघायला मिळणार आहेत.

नौपाडाकट्टा

वाचनखूण साठवली. लगेच आमच्या वाड्याचा प्लॅन काढायला बसलो आणि जिना कुठल्या बाजूनं वळायचा यावरून भावाशी फोनवर भांडण झालं. सविस्तर प्रतिसाद नंतर देतो.

तिरकस (वाशी)

"स्वतःचा शोध" हा शब्द तुम्ही वापरला नाहीत हे बरं केलंत. पण धागा तिकडेच जाणार, म्हणून विरोध आधीच नोंदवून ठेवतो. घोडबंदरपासून खारघरपर्यंत शनिवार-रविवारी या छापाच्या कार्यशाळा चालतात. छोटा कॅनव्हास, ॲक्रिलिकच्या ट्यूबा, मंद संगीत, शेवटी ग्रुप फोटो. बायकोबरोबर एकीला गेलो होतो. सगळ्यांनी एकच सूर्यास्त काढला आणि सगळ्यांना त्यात आपापला आत्मा दिसला. मला संत्रं दिसलं.

आता मुद्द्याचं. स्मरणशक्तीवर एवढा भरवसा ठेवू नका. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात नायसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं, काय करत होतास. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. साधारण पाव जणांचं आधीच्या जबानीशी काहीच जुळलं नाही, पण खात्री मात्र ठाम. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काही जण आत्ताचंच खरं मानत होते. अडीच वर्षांत ही गत, मग चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या वळकटीचं काय? तुमच्या बहिणीची आठवण तरी खरी कशावरून?

जास्वंदी

तिरकस, मला तो प्लॅन कोर्टात दाखल करायचा नाहीये. :) बहिणीचं चुकलेलं असू शकेल, मान्य. पण सहा जणांच्या जागा मी बिनचूक म्हणण्याइतक्या सहज काढल्या आणि स्वतःच्या जागेशी अडखळले. हे अडखळणं तर आत्ताचं आहे ना? ते कॅलेंडरवर आहे. त्याला साक्षीदार लागत नाही.

खडूफळा (ठाणे)

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. जास्वंदीताईंना "चित्रकला येत नाही" म्हणून कुठल्या तरी ड्रॉइंगच्या बाईनं काठावर पास केलं असणार. त्या बाईच्या वतीनं आधी माफी.

एलिमेंट्री-इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल, त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. बसस्टॉप, भाजीबाजार, नळावरची गर्दी असे विषय. (हल्ली दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून या परीक्षांना गर्दी. माझ्या वेळी फक्त हौशी मुलं बसायची.) या पेपराची तयारी कशी करतात माहितीये? क्लासमध्ये मानवाकृती पाठ करून घेतात. पाठमोरी बाई, वाकलेला माणूस, टोपलीवाली, हात धरलेलं मूल. विषय कुठलाही आला तरी हीच मंडळी जागा बदलून उभी करायची. नाव स्मरणचित्र, पण त्यात स्मरण नसतंच. मी स्वतः हेच शिकवत आले, ए ग्रेड आणून दिल्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. परीक्षा तीच मागते.

पण घरी बसून काढणाऱ्याला परीक्षा नाही. लहानपणी कुणालाही "चित्र काढ" म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी, नारळाचं झाड. कळव्याच्या खाडीपुलाशेजारी राहणारी मुलंही डोंगरातून नदीच काढतात, समोरची खाडी काढत नाहीत. चित्र म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असतं आणि ठाऊक असलेलं तेवढं कागदावर येतं. तुमच्या वहीतले "कडक पण हळवे वडील" हे त्या दोन डोंगरांतलेच आहेत, ताई. प्लॅननं ते मोडलं, कारण घराचा प्लॅन कसा सुंदर काढायचा हे तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून माझा एक उपाय. स्वतःचा डावा हात समोर ठेवा. नजर हाताच्या कडेवरून मुंगीच्या वेगानं फिरवा, तेवढ्याच वेगानं पेन्सिल चालवा, कागदाकडे अजिबात बघायचं नाही. अमेरिकन कलाशिक्षक किमॉन निकोलाइडीस हा सराव मुलांना द्यायचा. त्याचं पुस्तक तो गेल्यानंतर १९४१ मध्ये आलं. चित्र भयानक दिसेल. पण नखाजवळचा जुना व्रण, वाकडी करंगळी, अंगठीनं पडलेली खाच, हे सगळं त्यात असेल. मग लगेच, चित्र न पुसता, त्या व्रणाबद्दल लिहा. "माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग" या मथळ्याखाली लिहायला बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

आणि खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा.

ऐरोलीकर

बाई, खोडरबरचं भारी आहे. मी उलट्या बाजूचा माणूस. लिहिता येत नाही, फक्त काढतो. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकलनं रोज ऑफिसला जातो. छोटी डायरी, जेल पेन, पुसायचा प्रश्नच नाही. बसायला मिळालं तर समोरचा माणूस, उभा असलो तर फक्त हँडल धरलेले हात.

हा धागा वाचून जुन्या डायऱ्या काढल्या आणि चाळल्या. जवळजवळ सगळी माणसं झोपलेली आहेत. मान मागे टाकून, खिडकीला डोकं लावून, बॅगेवर हनुवटी टेकवून. मी कधी असं ठरवलं नव्हतं. झोपलेला माणूस वर बघत नाही आणि "काय काढताय?" असं विचारत नाही, एवढंच कारण. मग ऑफिसमधलं आठवलं. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, कॅन्टीनमध्ये कोपरा, अप्रेझलला बॉसच्या टेबलावरच्या पेन स्टँडशी बोलणं. आता याला काय म्हणायचं ते तिरकसकाकांनी ठरवावं.

तिरकस

लाजाळूपणा म्हणायचं. त्यासाठी डायऱ्या भरायची गरज नव्हती, आईला विचारलं असतं तरी कळलं असतं.

ऐरोलीकर

आई गेली तीन दशकं हेच सांगतेय, काका. तिचं पटत नाही. स्वतःच्या डायरीचं पटलं.

शेवंती_नेरूळ

अनोळखी माणसांना न विचारता काढणं मला तरी अवघड वाटतं. लेडीज डब्यात मी एकदा समोरच्या बाईंचा अंबाडा आणि त्यावरची अबोलीची वेणी काढत होते. सानपाडा आल्यावर त्या उठल्या, वही माझ्या हातातून घेतली, बघितली आणि "माझा आहे" म्हणून पान फाडून घेऊन गेल्या. रागावल्या नव्हत्या, खूश होत्या. तेव्हापासून मी आधी विचारते. निम्म्या बायका नाही म्हणतात, उरलेल्या केस सारखे करून बसतात, मग चित्रातली मजा जाते. तरीही विचारते.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. सासूबाईंबद्दल लिहायचंय. त्या हयात आहेत, माझ्याच घरी आहेत, आणि चष्मा लावून सगळं वाचतात. काय करावं?

मनमोकळी (समुपदेशक, ठाणे)

शेवंती, दोन कामं वेगळी करा. लिहिणं एक, वाचायला देणं दुसरं. पहिलं करताना दुसऱ्याचा निर्णय घ्यायचाच नाही. सासूबाई वाचतील या हिशेबानं लिहिलेलं पत्र होतं, आठवण होत नाही. कुलूपबंद कपाट, पासवर्डची फाइल, काहीही चालेल. छापायचं मनात आलं तर तेव्हा त्यांच्याशी बोला.

तिरकस यांनी अभ्यास सांगितला म्हणून मीही सांगते, दोन्ही बाजूंचा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बीअल यांचा १९८६ चा प्रयोग आमच्या शिक्षणात सगळ्यांना भेटतो. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींना किरकोळ विषय, काहींना आयुष्यातला सर्वांत त्रासाचा प्रसंग. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांचं मन जास्त खट्टू होतं. कार्यशाळांच्या जाहिरातीत पहिला निकाल असतो, दुसरा नसतो. पुढे २००६ मध्ये फ्रॅटारोली यांनी अशा १४६ अभ्यासांची एकत्र मोजणी केली तेव्हा परिणाम निघाला खरा, पण सरासरीनं छोटा. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही.

काढण्याबद्दलही एक आहे. २०१६ मध्ये वॉटरलू विद्यापीठात लोकांना साधे शब्द दिले. काही शब्द लिहायचे, काहींचं चित्र काढायचं. काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले, चार सेकंदांत काढले तरी. चित्र चांगलं की वाईट यानं फरक पडला नाही. तो प्रयोग नव्यानं लक्षात ठेवण्याचा होता, जुनं उकरण्याचा नव्हता, त्यामुळे जास्वंदींच्या प्लॅनला तो जसाच्या तसा लावू नका. मला वाटतं प्लॅन काढताना प्रश्न बदलतो. "तुमचं बालपण सांगा" याला तयार उत्तर असतं. "पिंपाच्या डावीकडे काय होतं?" याला नसतं.

आणि एक सावधगिरी. हे सगळं हौसेसाठी ठीक. कुणाच्या घराच्या नकाशात एखादी खोली अशी असते की तिथे पेन्सिल नेली की घाम फुटतो. तिथे जिद्द करू नका. कागद मिटा, उठा, कुणाशी तरी बोला. झोप उडाली, तेच तेच दिसायला लागलं तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची फुकट हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. चित्रातून उपचार करणारे प्रशिक्षित लोक असतात, ते काम वेगळं. रविवारच्या कॅनव्हासवाल्यांना ते करता येत नाही आणि त्यांनी करूही नये.

ग्रंथकिडा (ठाणे)

उत्तम प्रतिसाद. थोडं मराठीतलं सांगतो, कारण धागा अमेरिकेत जाऊन बसलाय.

स्वतःबद्दल लिहिण्याची आपली परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी अभंगांत आत्मचरित्र सांगितलं. नवऱ्याचा मार, तुकोबांना गुरू मानल्यावरून घरात झालेला छळ, सगळं त्यात आहे. वर मुलाला आपले मागचे बारा जन्मही सांगितलेत. आपण एका जन्माच्या दोन खोल्यांत अडकून पडतो! नाना फडणविसांचं छोटं आत्मवृत्त वाचाच. पेशवाईतला एवढा मोठा मुत्सद्दी, पण तारुण्यातले मोह आणि पानिपताहून जीव घेऊन परत येणं कसलीही सारवासारव न करता सांगतो.

चित्रकारानं लिहिलेलं हवं असेल तर रावबहादूर धुरंधर. कोल्हापूरचे, जन्म १८६७. १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून शिरले आणि १९३१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या पुस्तकात ते सगळं आहे. माझी एक तक्रार आहे. चित्रांत हा माणूस बाजारातल्या बाईच्या पदराची चुणीसुद्धा सोडत नाही, पण लिहिताना पदकं, साहेबांची शाबासकी आणि बढत्या यांत रमतो. लिखाणातले धुरंधर सरकारी नोकर, रेखाटनांतले धुरंधर रस्त्यावर उभा राहून टकामका बघणारा माणूस. जास्वंदींच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं. मात्र उलटही होतं. प्रभाकर बरवे यांची चित्रं बघून मी गोंधळलो होतो, त्यांचं 'कोरा कॅनव्हास' वाचल्यावर वाट सापडली. बरवे चित्रांइतकंच नेमानं डायऱ्या भरायचे.

ठाणेकरांनी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन आत्मचरित्रांचं कपाट बघावं. १८९३ ची संस्था आहे, आणि मासुंदा तलावापासून चालत जाता येतं.

बेलापूरवाला

आमचं घर सीबीडीच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी आखलेली वसाहत, ऐंशीच्या दशकातली. मधे छोटा चौक, भोवती सात घरं, प्रत्येकाची भिंत स्वतंत्र, म्हणजे ज्याला हवं त्यानं आपलं घर वाढवावं अशीच मूळ योजना होती. लोकांनी ती योजना फारच मनावर घेतली. :)

मी मूळ घराचा प्लॅन काढला. सोपं गेलं, छापील आराखडे बघितलेले आहेत ना. पण त्यामुळे आठवण म्हणून काहीच हाती लागलं नाही, कोरियांचं घर निघालं. मग चौक काढला, ज्याचा आराखडा मी कधी बघितला नव्हता. तिथे क्रिकेटचा स्टंप, काच फुटलेली खिडकी, बोलणं बंद झालेल्या शेजाऱ्यांच्या दारासमोरून वळसा घालून जायची वाट. लहानपणी त्या दारासमोरून का जायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, पण कागदावर माझी वाट वळसा घेऊनच आली. वडिलांना विचारलं तेव्हा कुंपणाच्या भिंतीचं जुनं प्रकरण कळलं. तर खडूफळाबाईंचं म्हणणं बरोबर आहे, जे आधी कुणी काढून दाखवलंय ते काढू नये.

खाडीकाठ (घणसोली)

तुमचं घर टॉवरखाली गेलं, आमचं गाव नवी मुंबईखाली. आधीच सांगतो, रडगाणं नाही.

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला आली. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन गेली. १९८४ ला जासईचं आंदोलन झालं, माणसं गेली, पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली. हे सगळं आमच्याकडे शेंबड्या पोराला पाठ आहे. बाबांना आठवणी विचारल्या की तेही हेच सांगतात, तारखांसकट. सभेत बोलतात तसंच घरात बोलतात. त्यांचं स्वतःचं काय झालं ते कधीच येत नाही.

हा धागा वाचून त्यांच्यापुढे मोठा कागद ठेवला, म्हटलं शेतावर जायची वाट काढून दाखवा. आधी हसले. मग काढायला लागले ते दोन तास उठले नाहीत. खारबंदिस्तीचा म्हणजे खारं पाणी अडवणारा बांध, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार), मिठागर, निवट्या (चिखलातले मासे) पकडायची जागा, आजोबा पाग म्हणजे फेकजाळं टाकायचे ती खाडीची वळणी, कापणीला पेज घेऊन आजी उभी राहायची तो कोपरा.

गंमत मापात आहे. घरापासून उघाडीपर्यंतचा बांध त्यांनी अर्धा कागद भरून काढला. बेलापूरला जायचा रस्ता बोटभर. मी म्हटलं, बाबा, बांध एवढा लांब नव्हता. तर म्हणाले, "पावसात बांध फुटल्यावर रात्री चिखलाची घमेली तू नेली असतीस तर तुलाही एवढाच लांब वाटला असता." ते किती वर्षांचे होते विचारलं. नऊ. भावाचा हात धरून गेले होते, परत एकटे आले, कारण भाऊ उघाडीपाशी मोठ्यांबरोबर थांबला. अंधारात त्या बांधावरून एकट्यानं परत येणं. आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस, पण रात्री लाइट गेली की आजही पहिला आवाज त्यांचाच येतो, "कोण आहे तिकडे?" आम्ही आजवर त्यावरून त्यांची चेष्टा करायचो.

त्यांच्या नकाशात आमचं शेत काकांच्या शेताच्या दुप्पट आहे. काकांना काढायला दिलं. त्यांच्यात त्यांचं दुप्पट.

तिरकस

हा प्रतिसाद आवडला. विरोध मागे घेत नाही, पण कार्यशाळेपुरता ठेवतो. सातबारा बघा, क्षेत्र समजेल.

खाडीकाठ

सातबारा आहे घरात. दोघंही दुप्पट नाहीत, सारखेच आहेत. :) पण मला आता क्षेत्रात रस नाही. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघायचेत, कुठे जुळतात ते. ट्रेसिंग पेपर केवढा घ्यावा?

खडूफळा

सुटे कागद घेऊ नका, रोल घ्या, 'गेटवे' मागा, कुठल्याही मोठ्या स्टेशनरीवाल्याकडे मिळेल. नकाशे मूळ कागदावर कधीही गिरवू नका, त्यावर बाबांची रेघ तशीच राहू दे. ट्रेसिंगवर दोघांसाठी दोन रंगांची पेनं. दोन खुणा नक्की माहीत असलेल्या निवडा, देऊळ आणि उघाडी म्हणा, त्या जुळवा, बाकीचं आपोआप सरकलेलं दिसेल. पेन्सिल २बी पुरे, ६बी म्हाताऱ्या माणसांच्या हाताखाली फार पसरते.

आणि एक. आत्तापर्यंत दोन पुरुषांनी नकाशा काढलाय. त्यांच्या नकाशात बांध आहे, पाग आहे, शेत आहे. पाणी कुठून यायचं, धुणं कुठे, सरपण कुठून? आईला आणि काकूला बसवा. त्यांना एकमेकींचा कागद दाखवू नका.

शेवंती_नेरूळ

बाई, तुमच्या या शेवटच्या दोन ओळींवरून सासूबाईंच्या हातात कागद दिलाय. त्यांच्या माहेरच्या घराचा. मी त्यांच्याबद्दल लिहिणार होते, पण आता त्याच काढत बसल्यात आणि मला बाजूला फिरकू देत नाहीत. चष्मा लावून सगळं वाचणारी बाई स्वतःचा कागद उशीखाली ठेवते!

जास्वंदी

शेवंती, बघू नका. त्या दाखवतील तेव्हा दाखवतील.

सगळ्यांचे आभार. खडूफळाबाई, हात काढून पाहिला. तो हात वाटत नाही, पण उजव्या हाताच्या तर्जनीवर शिक्क्याच्या शाईचा डाग असायचा ते आठवलं. टपाल खात्यात एवढी वर्षं काढली आणि वहीत त्या नोकरीवर माझं पुरतं पानही नाही. सगळी वही लग्नापर्यंत येऊन थांबलीये. आता पोस्टाचं काउंटर काढायला घेतलंय, माझ्या बाजूनं दिसायचं तसं. जाळीपलीकडचे चेहरे जमत नाहीत. ऐरोलीकर, जागी माणसं काढायची सवय झाली की मलाही सांगा.

ऐरोलीकर

प्रयत्न चालू आहे ताई. काल कोपरखैरण्याला चढलेल्या एका आजोबांना विचारून काढलं. त्यांनी पूर्ण वेळ पोटाचं ऑपरेशन सांगितलं, त्यामुळे तोंड उघडंच आलंय.

खाडीकाठ

आई आणि काकूनं काढलं. दोघींनी पहिल्यांदा विहिरी काढल्या. आईच्या कागदावर एक विहीर आहे जी बाबांच्या आणि काकांच्या दोन्ही नकाशांत नाही. बाबा म्हणतात तिथे विहीर नव्हतीच. आई म्हणते, "तुम्ही कधी पाणी भरायला गेला होतात?" काकूनं विहीर काढलीये, पण बांधाच्या दुसऱ्या अंगाला. कालपासून घरात यावर वाद पेटलाय, गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्या उद्या बघायला येणार आहेत. रोल आणलाय. पेनं चार रंगांची घ्यावी लागतील असं दिसतंय.